सिल्व्हरॅडोच्या गिअरबॉक्सचं तेल

डॅलस, शनिवार

प्रिय सुधीर,

तुझी मेल मिळाली. 2005 ची शेव्हरोले सिल्व्हरॅडो 1500 पिकअप, 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन, मीटरवर 1,38,000 मैल, आणि आधीच्या मालकाने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं होतं की नाही, देव जाणे. आता ते बदलावं का, हा तुझा प्रश्न. त्यात शेजाऱ्याने भरीला घातलं, की इतक्या मैलांनंतर हात लावू नकोस, नवं तेल घातलं की गिअरबॉक्स बसतो.

शेजाऱ्याचं अर्धं खरं आहे. लोक तेल कधी बदलतात? गाडी गिअरमध्ये घसरायला लागली की. तोवर आतल्या क्लच प्लेट झिजून गेलेल्या असतात. महिनाभरात गिअरबॉक्स बसतो आणि खापर फुटतं नव्या तेलावर. म्हणून निर्णय मैलांवर घेऊ नकोस, डिपस्टिकवर, म्हणजे तेल तपासायच्या पट्टीवर घे.

पंधरा-वीस मैल गाडी चालवून ये, सपाट जागी लाव, गिअर पार्कमध्ये आणि इंजिन चालूच राहू दे. बॉनेटखाली पॅसेंजरच्या बाजूला, मागे फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) गिअरबॉक्सची डिपस्टिक आहे. मुठीवरची खटकी उचलली की ती सुटते. पुसून परत घाल, काढ, आणि एक थेंब पांढऱ्या पेपर टॉवेलवर पडू दे. लाल किंवा विटकरी, पण पारदर्शक असेल, तर बिनधास्त बदल. काळपट झालंय आणि फोडणी करपल्यासारखा वास येतोय, वर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन उगाच रेव्ह घेतं, अशी परिस्थिती असेल तर नव्या तेलाचे पैसे वाचव. या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच पहिल्यांदा जळतो, आणि जळलेली प्लेट तेलाने भरून येत नाही. चेक इंजिनचा दिवा लागून पी1870 कोड आला, तरी तेच. ती बहुधा व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाचा दाब कुठे जाईल ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हांचा ठोकळा) एका भोकाची झीज असते. आणि थेंब सोलकढीसारखा गुलाबी, अपारदर्शक दिसला तर सगळं थांबव. रेडिएटरच्या पोटातला गिअरबॉक्स कूलर फुटून कूलंट तेलात मिसळतंय. ते क्लचचं अस्तर उपटून काढतं. अशा वेळी आधी रेडिएटर, मग बाकीचं.

तुझं तेल ठीक आहे असं धरून पुढे लिहितो.

काहीही विकत घेण्याआधी ग्लव्ह बॉक्स उघड. झाकणाच्या आत तीन-तीन अक्षरांच्या कोडचं स्टिकर आहे. त्यात एम30 दिसलं तर तुझा गिअरबॉक्स 4एल60-ई. चार गिअर, लांबीच्या दिशेने बसवलेला, 60 हा ताकदीचा दर्जा, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. 1982 साली 700आर4 नावाने आला, त्याचाच हा वंशज. दुकानदार गाडीच्या नावावरून सामान देईल, तू मात्र कोड सांग. खात्री करायची दुसरी खूण म्हणजे पॅनचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टने बसवलेल्या तेलाच्या ताटलीचे बोल्ट मोज. 16 असतील तर हाच. 17 निघाले तर 4एल80-ई, त्याचा फिल्टर आणि गॅस्केट (पॅन आणि केसिंगमधली गळती रोखणारी पट्टी) वेगळं.

तेल डेक्सरॉन-6. कारखान्यातून डेक्सरॉन-3 भरलेलं आलं होतं, पण जनरल मोटर्सने त्याचे परवाने 2006 च्या अखेरीस बंद केले, आणि डेक्सरॉन-6 त्याच्या जागी चालतं, जुन्यात मिसळलं तरी. बाटलीवर डेक्सरॉन-6 चा परवाना क्रमांक छापलेला बघून घे. 'सर्व गाड्यांना चालेल' असं लिहिलेलं तेल घेऊ नकोस. वरून घालायच्या जादूच्या बाटल्याही नकोत. सात क्वार्ट घे (एक क्वार्ट म्हणजे लिटरहून जरा कमी). पाच लागतील, उरलेलं टॉपअपला.

आता हिशोब. पूर्ण गिअरबॉक्समध्ये साधारण 11 क्वार्ट तेल असतं, पण पॅन काढल्यावर पाचच निघतं. बाकी सहा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरच्या नळ्यांमध्ये. म्हणजे एकदा बदललंस तरी निम्म्याहून जास्त तेल जुनंच राहतं. हीच गोष्ट सांगून गॅरेजवाले मशीन लावून फ्लश करायला, म्हणजे सगळं तेल एकदम ढकलून बदलायला सांगतात. तुझ्या गाडीला ते करू नकोस, कारण फ्लशमध्ये फिल्टर बदलला जात नाही आणि पॅनमधला गाळही तिथेच राहतो. त्यापेक्षा आज पॅन काढून बदल, दोन-तीन हजार मैलांनी परत पाच क्वार्ट बदल. दोन वेळांनंतर जुनं तेल तीस टक्क्यांवर येतं, तीन वेळांनंतर सोळा-सतरावर. पुढच्या वेळी पॅन उतरवावा लागू नये म्हणून ड्रेन प्लग असलेला पॅन आत्ताच बसवून घे. तुझ्या पॅनला आधीच प्लग असेल तर सोन्याहून पिवळं.

फिल्टर घेताना एक घोळ होतो. या गिअरबॉक्सला खोल आणि उथळ असे दोन प्रकारचे पॅन येतात, आणि फिल्टरही दोन. खोल पॅनचा फिल्टर उथळ पॅनमध्ये मावत नाही. उलट केलंस तर फिल्टर तळापासून उंच राहतो आणि वळणावर किंवा चढावर तेल बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. म्हणून जुना काढल्यावर नव्याशेजारी उभा धरून उंची जुळव, मगच नवा बसव.

काम सुरू करताना तेल कोमट हवं, कढत नाही. दहा मिनिटं चालवून आण आणि अर्धा तास थांब. गाडी जमिनीपासून बऱ्यापैकी उंच आहे, आडवं पडून हात पोचत असेल तर उचलूच नकोस. उचलायचीच तर जॅकवर विसंबून खाली जाऊ नकोस. जॅक-स्टँड लाव, चाकांना अडण लाव, हँडब्रेक ओढ. परात मोठी घे, कडा उंच हव्यात, कारण तेल पॅनच्या चारी बाजूंनी ओघळतं. ड्रायव्हरच्या बाजूला गिअरच्या केबलचं ब्रॅकेट पॅनच्या कडेवर येतं, ते सोडवल्याशिवाय तिथले बोल्ट निघत नाहीत.

बोल्ट 10 मिलिमीटरचे. आधी मागच्या बाजूचे सगळे काढ, कडेचे सैल कर, पुढचे दोन-तीन बोल्ट थोड्या आट्यांवर धरून राहू देत. मागची कड हलकेच खाली ओढली की तेल परातीत उतरेल. गॅस्केट चिकटलेलं असेल तर पॅनच्या कोपऱ्यावर रबरी हातोड्याने टकटक कर. पॅन आणि केसिंगच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नकोस. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, एक ओरखडा पडला तरी तिथून जन्मभर पाझरेल.

पॅनच्या तळाशी चुंबक आहे. त्यावर दाढीच्या क्रीमसारखी राखाडी मऊ लोण्याची टोपी असणारच, ती नेहमीची झीज आहे. बोटांत चोळ. टोचेल असं काही लागलं, किंवा चकचकीत कीस, काळ्या पापुद्र्यांचा थर दिसला, तर बेअरिंग किंवा क्लच बोलतोय. ओळखून ठेव, पण काम पूर्ण कर.

आता सगळ्यात नाजूक भाग. फिल्टर कुठल्याही बोल्टने धरलेला नसतो. त्याची मान पंपाच्या भोकातल्या एका सीलमध्ये रुतलेली असते. हलवत-फिरवत सरळ खाली ओढ, तो येईल, आणि सोबत अजून थोडं तेल अंगावर येईल, तयारीत राहा. पण सील बहुतेक वेळा वरच भोकात राहतो. इथेच बरीच कामं बिघडतात. जुना सील आत आहे हे न बघता नवा सील बसवलेला फिल्टर लोक ढकलतात. तो अर्धवट बसतो, पंप तेलाबरोबर हवा ओढतो, आणि गाडी सुरू केल्यावर कुईं असा आवाज, नंतर गिअर उशिरा पडणं. टॉर्च घेऊन बघ. काळसर कडा दिसली तर बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने सीलची पत्र्याची कड आत दुमडून घे, मग पकडीने ओढ. भोकाच्या भिंतीला टोक टेकवायचं नाही. नवा सील नव्या तेलात भिजव, मापाच्या सॉकेटने सरळ ठोकून बसव, मग फिल्टर दाबून वर पूर्ण टेकव.

पॅन धुऊन कोरडा कर. चुंबक पुसून त्याच जागी परत ठेव, हे विसरणारेही आहेत. पुसायला धागे सुटणारी जुनी बनियन नको, धागा व्हॉल्व्ह बॉडीत गेला की शिफ्ट अडते. केसिंगची बाजू प्लास्टिकच्या खरवडणीने साफ कर. मूळ गॅस्केट धातूच्या गाभ्याचं रबरी असेल आणि फाटलं नसेल, तर तेच परत चालतं, आणि किटमधल्या कॉर्कच्या गॅस्केटपेक्षा ते बरं. सिलिकॉन लावू नकोस. आत पिळून निघालेला तुकडा फिल्टरवर जाऊन बसतो.

सगळे सोळा बोल्ट आधी हातानेच फिरवून आटे धरले का बघ. मग मधल्यांपासून बाहेर, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट कर. शेवटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, 11 न्यूटन-मीटर, म्हणजे 97 इंच-पाउंड. फूट-पाउंड नव्हे! तो जेमतेम आठ फूट-पाउंड होतो. चाकाचे नट आवळायचा मोठा टॉर्क पाना इतक्या खाली नीट दाखवतच नाही, लहान पाना वापर किंवा उसना आण. जास्त आवळलंस तर पॅनची कड मुडपते, गॅस्केट बाहेर येतं, आणि ॲल्युमिनियममधले आटे गेले की साध्या कामाचं हेलिकॉइलचं (तारेची गुंडाळी घालून आटे नवे करायचं) काम होतं. गळायला लागला म्हणून आणखी आवळणं, हा तर उलटा उपाय आहे.

निघालेलं तेल दुधाच्या रिकाम्या एक गॅलनच्या कॅनमध्ये ओत, एका कॅनमध्ये चार क्वार्ट. किती निघालं ते लिहून ठेव. भरायचं तितकंच, अंदाजाने नाही. लांब नरसाळं डिपस्टिकच्या नळीत घालून आधी चार क्वार्ट घाल. इंजिन सुरू कर, ब्रेक दाबून गिअर एकेक पाडत रिव्हर्सपासून पहिल्यापर्यंत जा, प्रत्येकावर तीन-चार सेकंद थांब, परत पार्क. मग उरलेलं थोडं थोडं घाल. शेवटची पातळी फक्त गरम तेलावर, 82 ते 93 अंश सेल्सियसवर, इंजिन चालू ठेवून बघायची. तेल थंड असताना पट्टी खोटं सांगते, ते तापल्यावर फुगतं. खुणांच्या मध्ये आलं की पुरे. कमी असेल तर क्लच घसरतात, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झालं तरी घसरतात, कारण फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो, आणि फेस दाब धरत नाही. जास्त झालंच तर त्याच नळीतून हातपंपाने उपस.

तुझी फोर व्हील ड्राइव्ह असेल आणि डॅशबोर्डवर 'ऑटो 4डब्ल्यूडी' चं बटण असेल, तर ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या चाकांनाही पोचवणारा डबा) ऑटो-ट्रॅक 2 नावाचं निळं तेल जातं. हे लाल तेल तिथे घालू नकोस, ते काम वेगळं.

रात्री पॅनखाली पुठ्ठा पसरून ठेव, सकाळी थेंब मोज. जुनं तेल कूलंटबरोबर किंवा ब्रेक क्लीनरबरोबर मिसळू नकोस. ऑटोझोन, ओरायली यांच्या बऱ्याच दुकानांत ते फुकट घेतात, पण मिसळलेलं नाकारतात. ह्यूस्टनच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये ट्रेलर ओढणार असशील, तर पुढचं तेल 50,000 मैलांवर ठरवून टाक.

पॅन उतरवलास की चुंबकाचा फोटो पाठव. पुसण्याआधीचा. वहिनींना नमस्कार, आणि त्यांच्या चांगल्या परातीला हात लावू नकोस.

तुझा,
विनू