रामबागेतल्या मेडिकलवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. रामबागेत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. हे पत्र मानसोपचाराच्या कामात असलेल्या आम्हा काही इंदूरकरांचं आहे आणि आभार आहेत एका प्रश्नाचे. नैराश्याच्या गोळ्या दुसऱ्यांदा न्यायला आलेल्या माणसाला तुम्ही काउंटरच्या टोकाशी बोलावता आणि हळू आवाजात विचारता, "झोप लागते? पोट बरं आहे? आणि नवरा-बायकोतलं?"

पहिले दोन प्रश्न सगळेच विचारतात. तिसऱ्याशी गाडी अडते. रामबागेत मेडिकलसमोर दोन मिनिटं उभं राहिलं तरी चार ओळखीचे भेटतात, तिथं कोण काय बोलणार? म्हणून कुणी दवा बाजार गाठतो. तिथं ओळखीचं कुणी नसतं, पण विचारणारंही कुणी नसतं. विचारण्यानं काय फरक पडतो ते स्पेनमधल्या 344 रुग्णांच्या एका अभ्यासात दिसलं. तो 1997 साली प्रसिद्ध झाला. लैंगिक तक्रार आपणहून सांगणारे होते 14 टक्के. डॉक्टरांनी थेट विचारलं तेव्हा 58 टक्के निघाले.

न विचारलेला माणूस बहुधा गोळी गुपचूप सोडतो, आणि त्यामागचा हिशेब साधा आहे. सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन या गोळ्यांचा लैंगिक त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सुरू होऊ शकतो. मन हलकं व्हायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तोटा आधी हातात पडतो, फायदा मागून येतो. तेवढ्यात गोळी एकदम बंद केली की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके सुरू होतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर उतरतात, म्हणून त्यांचं जास्त. फ्लुऑक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून त्याचं कमी. नैराश्य पुढं केव्हातरी परततं, तेव्हा त्याचा संबंध सोडलेल्या गोळीशी जोडायला कुणी शिल्लक नसतं.

तुम्ही डॉक्टरांसाठी जी चिठ्ठी लिहून देता, ती तीनच ओळींची असते, पण आमचं अर्धं काम तिथंच होतं. त्रास गोळीच्या आधीपासून होता की नंतर आला? (नैराश्य स्वतःच इच्छा मारतं, त्यामुळे हे आधी कळलंच पाहिजे.) नेमकं काय बिघडलं: इच्छा, ताठरता, की शेवट? आणि सोबत दुसरी कुठली औषधं चालू आहेत? सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवणाऱ्या गोळ्यांची खूण बहुतेक वेळा शेवटाशी सापडते. इच्छा थोडीफार असते, ताठरताही येते, पण पुरुषाचं स्खलन लांबतं किंवा होतच नाही, आणि बाईलाही तो क्षण येत नाही. नुसती ताठरताच गेली असेल, पहाटेचीसुद्धा, तर साखर तपासायची, ब्लडप्रेशरच्या गोळ्या बघायच्या आणि दारूचं विचारायचं. सोबत रिस्पेरिडोन हे मनोविकाराचं औषध असेल तर रक्तातलं प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासायचं. सगळा दोष नैराश्याच्या गोळीवर ढकलणंही बरोबर नाही.

सगळ्यात मोठे आभार, तुम्ही जे विकत नाही त्याचे. लोक येऊन खालच्या आवाजात "ती गोळी" मागतात. बाजारात ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल आणि डॅपॉक्सेटिन एकाच गोळीत मिळतं, आणि डॅपॉक्सेटिन हे सेरोटोनिन वाढवणाऱ्या याच घराण्यातलं औषध आहे. लवकर होणारं स्खलन लांबवण्यासाठी ते देतात. ज्याचं आधीच लांबलंय त्याला तेच आणखी! शिवाय दोन्हीकडून सेरोटोनिन वाढलं तर घाम, थरथर, जुलाब, ताप, भ्रम इथपर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून नैराश्याची गोळी आणि डॅपॉक्सेटिन एकत्र घ्यायचं नाही, आणि नैराश्याची गोळी थांबवल्यावरही 14 दिवस डॅपॉक्सेटिन नाही.

नुसत्या सिल्डेनाफिलचा पुरुषांना उपयोग होतो. डॉक्टर साधारण 50 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, संबंधाआधी तासभर. तुपातेलाच्या जेवणावर घेतलं तर असर उशिरा होतो. त्यानं इच्छा मात्र निर्माण होत नाही. आणि छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याला ते द्यायचंच नाही, रक्तदाब धोकादायक खाली कोसळतो. शेड्यूल एचचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, हे तुम्ही गिऱ्हाईक परत जात असतानाही सांगता.

पुढचे मार्ग डॉक्टरांचे आहेत, पण ते आहेत एवढं तुम्ही सांगता म्हणून माणूस टिकतो. काही आठवडे वाट पाहणं (थोड्याच जणांचं आपोआप सुधारतं), मात्रा कमी करणं, गोळी बदलणं. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन, व्होर्टिऑक्सेटिन यांत हा त्रास कमी. पण मिरगीवाल्याला बुप्रोपिऑन चालत नाही, आणि मिर्टाझापिननं भूक नि वजन वाढतं. शनिवार-रविवार गोळी चुकवायची युक्ती लोक एकमेकांना सांगतात. फ्लुऑक्सेटिनवर ती लागूच पडत नाही, पॅरॉक्सेटिनवर सोमवारी झटके घेऊन येते, आणि एकदा चुकवायची सवय लागली की मग मंगळवारही चुकतो. आम्ही तरी ती सुचवत नाही.

काही जणांत गोळी थांबवल्यावरही त्रास मागं राहतो. युरोपच्या औषध नियामकांनी 2019 मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. हेही तुम्ही लपवत नाही. चिठ्ठीच्या मागं टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा 14416 हा फुकट क्रमांक लिहिता, तेही बरं करता.

आता सूनबाईंचे आभार. बायका तुमच्याशी बोलत नाहीत, त्यांच्याशी बोलतात. कोरडेपणा, बधिरपणा, काहीच न वाटणं हे सगळं पाळी जायच्या वयावर टाकून मोकळं होण्याआधी त्या गोळी कधी सुरू झाली ते विचारतात. पाण्याची जेली देतात आणि खोबरेल तेल लावू नका म्हणून बजावतात, कारण तेलानं निरोध फाटतो. एक विनंती आहे: त्या दुपारी काउंटरला असतात ती वेळ दुकानाच्या पाटीवर लिहा. ज्यांना यायचंय त्यांना नेमकी तीच माहिती हवी असते.

आपले,
मानसोपचाराच्या कामातले काही जण, इंदूर