नळीच्या वाटेला लागण्याआधी

नागपूर, मंगळवार रात्र

चि. मिनू,

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेनं लपवलेला डबा शोधायला जाते म्हणालीस, आणि रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा मी बोलतच होतो. "डब्यात काय आहे ते सांग, तसलं मी सीताबर्डीवरून आणून देतो," हे मी म्हणायला नको होतं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. तेच ते पुन्हा सांगायचं नाही, असं ठरवलं आहे.

पिंकीच्या मुलानं परवा तुमचा तो जिओकॅशिंगचा, लपवलेले डबे जीपीएसनं शोधायचा खेळ मला नीट समजावून दिला. मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि 3 मे ला ऑरेगॉनमध्ये एकानं झाडीत बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवले. हे ऐकून मला बरं वाटलं, खरंच. मी एकतीस वर्षं लोकांच्या धुऱ्याचे दगड शोधले. बाभळीखाली गाडले गेलेले, नाल्यानं वाहून नेलेले, कुणी रातोरात सरकवलेले. नकाशावरची खूण जमिनीत सापडली की जे होतं ते मला माहीत आहे. आपल्या पोरीलाही तेच वेड लागलं, हे मी रविवारी बोलायला हवं होतं. बोललो भलतंच.

पण बेटा, मोजणी केलेला माणूस म्हणून सांगतो. फोनमधला बाण सरळ रेषेत दाखवतो. चाळीस मीटर म्हणतो, पण मध्ये कडा आहे की घळ, हे त्याला कळत नाही. त्यात नळीच्या वाटेला दोन्हीकडून कातळ, वर आभाळाची पट्टी तेवढी. जागा सांगायला चार तरी उपग्रह दिसावे लागतात. त्यांचा संदेश कातळावर आपटून फिरून आला की उशीर होतो, आणि यंत्र तुला भलत्याच जागी उभी समजतं. मग आकडा नाचतो. आठ मीटर, एकवीस, बारा. माणूस त्या आकड्यामागे एक पाऊल डावीकडे टाकतो, एक मागे. मागचं पाऊल कुणी बघून टाकत नाही. आमच्याकडे रोव्हर, म्हणजे जीपीएसनं मोजणी करायचं यंत्र, नवीन आला तेव्हा एक पोरगा असाच पडद्याकडे बघत बघत मागे सरकला आणि कोरड्या विहिरीत गेला. पाय मोडला, जीव वाचला. तिथं खाली बारा फूट होते. तुझ्या मागे किती असतील?

म्हणून शेवटचे वीस मीटर राहिले की फोन खिशात घाल. आधी उभी राहा, पाय रोव, मग नजरेनं शोध. लपवणारासुद्धा तिथं उभा राहिलाच असेल ना, त्याला जिथं नीट उभं राहता आलं असेल तिथूनच हात पोचत असेल. पायथ्याच्या बेलपाड्यात किती जण वर चाललात ते सांगून निघा. पाणी चार-चार लिटर घ्या. दुपारी बारापर्यंत अवघड टप्पा झाला नाही तर परत फिरा. दोर कोणाचा आहे, किती जुना आहे, विचारून घे. उतरायला पाचनईचीच वाट धरा.

झालं, लेक्चर सुरू झालं. माफ कर. कळसूबाईच्या 1646 मीटरवरून तू पाठवलेला फोटो मी अजून कुणाकुणाला दाखवतो, आणि "पोट्टी एकटी शिड्या चढून गेली" असं सांगतो. आईला विचार.

आज तुझी पचमढीची नागद्वार यात्रा फार आठवते आहे. तू नऊ वर्षांची. नागपंचमीच्या आधीचा पाऊस, धूपगडाच्या बाजूनं आपण उतरलो, माझ्या खांद्यावर आबांची घोंगडी भिजून जड झालेली. लोखंडी शिडीपाशी गर्दी दाटली आणि तुझा हात सुटला. दहा मिनिटं असतील. मी वर गेलो, खाली आलो, तुझ्या नावानं ओरडलो, तर सगळीकडून "हर हर महादेव" एवढंच परत येत होतं. तू एका खडकाला पाठ लावून बसली होतीस. चिखलानं घोट्यापर्यंत भरलेली, मुठीत लाह्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरगी धीराची आहे बाप्पा." तू म्हणालीस, "मी हरवली नव्हती बाबा, मी इथंच होती." तेव्हा मी तुला मारलं. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही.

पुढच्याच महिन्यात तुला इथल्या झिरो माईलच्या मोजणीच्या खांबापाशी नेलं होतं. चार घोड्यांपेक्षा तुला तिथला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा आवडला, 1020.171 फूट. "शेवटचा एक कोणी मोजला?" असं तू विचारलंस. घरी येईपर्यंत विचारत होतीस. मला वाटतं, तुझं हे तिथूनच सुरू झालं असावं.

तुझ्या त्या डब्याची टेरेन, म्हणजे वाटेची अवघडाई, पाचपैकी साडेचार म्हणजे पाचाच्या किती जवळ, हे मला पिंकीच्या मुलानं सांगितलं. आईला सांगितलेलं नाही.

पार्सलमध्ये संत्रा बर्फी आहे, तिळाचे लाडू आहेत आणि कागदात गुंडाळून माझा पितळी ओळंबा. डब्यातून काही घेतलं तर तोलाचं काही ठेवायचं असतं ना? ठेवायचा की जवळ बाळगायचा, तुझं तू ठरव.

आणि शेवटच्या वीस मीटरला फोन खिशात. लिहिणार नव्हतो, पण लिहिलं.

रविवारी सात वाजता फोन कर. सातला रेंज नसेल तर आठला कर. आठपर्यंत मी आईला काही विचारणार नाही.

तुझे,
बाबा