अथेन्सची सोडत आणि अथेन्सचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन ग्रीकांवर सुरू असलेली लेखमाला मी आवडीने वाचते. होमरची महाकाव्ये, मॅरेथॉनची लढाई, ऑलिंपियाचे खेळ, पार्थेनॉन, सगळे रसाळ उतरले. अथेन्सच्या लोकशाहीवरचा भाग मात्र वाचून मन खट्टू झाले. अथेन्सने जगाला निवडणूक दिली आणि त्याच लोकशाहीने सॉक्रेटिसला विष पाजले, एवढ्यावर तो विषय आटोपला. यातले पहिले विधान बरेचसे चुकीचे आहे. दुसरे खरे आहे, पण एवढेच सांगून थांबणे अन्यायाचे आहे. मी अनेक वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. मुलांना अथेन्स सांगताना जे सांगायलाच हवे असे मला नेहमी वाटत आले, नेमके तेच या लेखात गळले आहे, म्हणून हे पत्र.

अथेन्समधली बहुतेक पदे निवडणुकीने भरलीच जात नसत, ती सोडतीने भरली जात. इ.स.पू. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक साधारण तीस हजार होते आणि त्यांच्यातून दरवर्षी सुमारे सातशे अधिकारी लागत. वजनेमापे तपासणारे, बंदरात उतरणाऱ्या धान्यावर देखरेख करणारे, तुरुंग सांभाळणारे असे ते साधे लोक. बहुतेक कामांना दहा-दहा जणांचे मंडळ असे, मुदत एक वर्षाची, आणि तेच पद आयुष्यात पुन्हा नाही. शहर आणि बंदर यांची व्यवस्था पाहणाऱ्या दहा जणांची कामे वाचताना तर आपल्या कोणत्याही नगरपालिकेची आठवण यावी. घराचे बांधकाम रस्त्यावर येऊ द्यायचे नाही, सज्जा रस्त्यावर झुकू द्यायचा नाही, वरच्या पन्हळीचे पाणी वाटेवर पडू द्यायचे नाही, मैला वाहणाऱ्यांनी तटबंदीपासून सुमारे दोन किलोमीटरच्या आत घाण टाकू नये हे पाहायचे. आणि हे पाहणारा माणूस कुणाच्या शिफारशीने आलेला नसे. चिठ्ठी निघाली म्हणून आलेला असे.

निवडणुकीत घराणे, पैसा आणि वक्तृत्व असलेलाच पुढे येतो, हे ग्रीकांनी फार लवकर ओळखले होते. अ‍ॅरिस्टॉटलने तर स्वच्छ नोंदवून ठेवले आहे, की सोडतीने पदे भरणे हे लोकशाहीचे लक्षण मानले जाते आणि निवडणुकीने भरणे हे मूठभरांच्या राज्याचे. आज आपण जिला लोकशाहीचा प्राण समजतो, तिच्याकडे ते संशयाने पाहत. मुलांना हे कळले की ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने विचार करू लागतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लेइस्थेनीस या पुढाऱ्याने अथेन्सच्या नागरिकांचे दहा गट पाडले. प्रत्येक गटात शहरातले, किनाऱ्यावरचे आणि आतल्या भागातले लोक मुद्दाम एकत्र केले, म्हणजे कोणत्याही एका प्रदेशातल्या बड्या घराण्याला आपला गट मुठीत ठेवता येऊ नये. या प्रत्येक गटातून पन्नास, असे पाचशे जण सोडतीने मंडळावर येत. सगळ्या नागरिकांच्या सभेपुढे काय ठेवायचे हे तेच ठरवत. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक गटाचे पन्नास जण पाळीपाळीने कारभार पाहत आणि त्यांच्यातून रोज एकाची अध्यक्ष म्हणून चिठ्ठी निघे. एक रात्र आणि एक दिवस त्याच्याकडे राज्याचा शिक्का आणि खजिना व दप्तर जिथे ठेवलेले असे त्या मंदिरांच्या किल्ल्या. दुसऱ्या दिवशी दुसरा. एकाच माणसाला हा मान पुन्हा मिळत नसे. अ‍ॅटिका या अथेन्सभोवतीच्या प्रदेशातल्या एखाद्या ऑलिव्ह पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती एका दिवसापुरता सगळ्या राज्याचा शिक्का असे. या व्यवस्थेपुढे मी आजही थक्क होते.

न्यायालयांतही तेच. तिशी ओलांडलेल्या सहा हजार नागरिकांची दरवर्षी सोडतीने नोंद होई. कोणत्या दिवशी कोण कोणत्या खटल्यावर बसणार, हे त्याच दिवशी सकाळी ठरे. प्रत्येकाजवळ स्वतःचे, वडिलांचे आणि गावाचे नाव असलेली छोटी पट्टी असे. या पट्ट्या एका दगडी शिळेवरच्या खाचांत ओळीने बसवत आणि बाजूच्या नळीतून पांढरे-काळे ठोकळे सोडत. पांढरा पडला तर ती ओळ आत, काळा पडला तर ती ओळ घरी. महत्त्वाच्या खटल्याला ५०१ पंच. एवढ्यांना ऐनवेळी लाच कशी देणार? बोलण्याची वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजत. अगोरा म्हणजे अथेन्सच्या बाजारचौकातल्या उत्खननात सापडलेले असे एक मातीचे भांडे सुमारे साडेसहा लिटरचे आहे आणि ते सहा मिनिटांत रिकामे होते. पंचांना दिवसाचे तीन ओबोल मिळत, म्हणजे कुशल कारागिराच्या रोजच्या मजुरीच्या निम्मे. त्यामुळे गरिबालाही येऊन बसणे परवडे.

आता मला ज्याच्यासाठी लिहायचे होते तिकडे येते. चिठ्ठी निघाली म्हणजे माणूस मोकळा सुटला असे नव्हते. पद हाती घेण्याआधी त्याची चौकशी होई. आर्कन या मानाच्या पदावर येणाऱ्याला विचारत, की तुझे वडील कोण, आई कोण, कुळाची थडगी कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, लढाईवर गेला होतास का. मग जमलेल्यांना विचारले जाई, याच्याविरुद्ध कुणाला काही सांगायचे आहे का? वर्षभरात दहा वेळा सभेत हात वर करून ठरे, की अधिकारी आपले काम ठीक करत आहेत की नाहीत.

आणि मुदत संपली की हिशेब. तीस दिवसांच्या आत एकूणएक अधिकाऱ्याला हिशेबतपासणिसांपुढे उभे राहावे लागे. हे तपासनीसही सोडतीनेच आलेले. पैशाचा हिशेब न्यायालयात मंजूर झाला, तरी पुढचे तीन दिवस आणखी काही अधिकारी भर बाजाराच्या वेळी आपापल्या गटाच्या पूर्वजवीराच्या पुतळ्यापाशी बसत. तिथे कुणीही नागरिक येऊन पांढऱ्या फळीवर आपली तक्रार लिहून देऊ शके. हे सगळे पार पडेपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे, संपत्ती देवाला वाहून टाकता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. यातून पुजारी आणि पुजारिणीसुद्धा सुटत नसत. ज्याच्या हाती सरकारी पैसा आलाच नाही, त्यालाही मी काही घेतले नाही आणि काही खर्चले नाही असे लिहून द्यावे लागे. पेरिक्लीससारखा माणूस, ज्याला लोकांनी ओळीने पंधरा वर्षे सेनापती म्हणून निवडून दिले, त्यालाही इ.स.पू. ४३०मध्ये पदावरून काढून दंड ठोठावण्यात आला. पुढल्या वर्षी त्यालाच पुन्हा निवडले.

इमारतींचेही तसेच. पार्थेनॉन या मंदिराचे सौंदर्य आपण छायाचित्रांत पाहतो, पण त्याच्या बांधकामाचा वर्षवार जमाखर्च दगडावर कोरून लोकांसमोर उभा केला होता, हे किती जणांना ठाऊक असते? आतल्या अथेना देवीच्या मूर्तीवरचे सोने सुमारे एक हजार किलो होते आणि ते उतरवून तोलता येईल असेच बसवले होते. शेजारच्या एरेक्थिऑन मंदिराच्या हिशेबात तर खांबांना पन्हळी पाडणाऱ्या कारागिरांची नावानिशी मजुरी आहे. त्यात नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच दराने, दिवसाला एक द्राख्मा. गुलामाची मजुरी त्याच्या मालकाच्या खिशात जात असे, हेही इथेच सांगायला हवे.

सोडतीवर टीका त्या काळीही होती आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. जहाजाचा सुकाणू किंवा सुताराचे काम आपण चिठ्ठी टाकून कुणाच्या हाती देत नाही, मग राज्य कसे देतो, असे सॉक्रेटिस विचारत असे. अथेन्सने या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले होते. जिथे खरोखर कौशल्य लागते तिथे ते मतदानाने माणूस निवडत. दहा सेनापती असे निवडले जात आणि पुन्हा पुन्हा निवडता येत. चौथ्या शतकात नागरी कारभारातली मोजकीच पदे निवडणुकीची होती. त्यातली काही पैशाची, आणि एक पाणीपुरवठा पाहणाऱ्याचे. पाण्याच्या बाबतीत त्यांनी नशिबावर भरवसा ठेवला नाही.

या लोकांनी भयंकर चुकाही केल्या. इ.स.पू. ४२७मध्ये बंड केलेल्या मिटिलीनी शहरातल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे असा ठराव करून जहाज रवाना केले. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्याच ठरावाची शरम वाटली, पुन्हा सभा भरली, थोडक्या मतांनी तो फिरवला गेला. दुसरे जहाज निघाले. वल्हवणाऱ्यांनी दारू आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ वल्ही न सोडता खाल्ले, पाळीपाळीने झोपले आणि कत्तल सुरू होण्याच्या आत पोहोचले. अकरा वर्षांनी मेलोस बेटाच्या बाबतीत मात्र कुणालाही शरम वाटली नाही. तिथले पुरुष मारले, बायकामुले विकली. सॉक्रेटिसचा खटला इ.स.पू. ३९९चा, म्हणजे पराभव, हुकूमशहांचे राज्य आणि यादवी भोगून जेमतेम सावरलेल्या शहरातला. म्हणून तो निकाल योग्य ठरत नाही, पण वाचकाला ही पार्श्वभूमी मिळायला हवी होती. लांडीलबाडीही होती. एखाद्याला दहा वर्षे शहराबाहेर घालवण्यासाठी लोक खापरीवर त्याचे नाव कोरत. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाच्या जवळपास १९० खापऱ्या सापडल्या आणि त्यांवरचे अक्षर फक्त चौदाएक जणांचे आहे. कुणीतरी आधीच खापऱ्या लिहून वाटण्यासाठी ठेवल्या होत्या, हे उघड आहे.

आणि या सगळ्या व्यवस्थेत स्त्रियांना सभेत जागा नव्हती. अथेना देवीची मुख्य पुजारीण जन्मभर मानाने राही, पण मत तिलाही नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या परदेशी वंशाच्या लोकांनाही नव्हते. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत अंधाऱ्या बोगद्यांतून राबणारे गुलाम होते आणि त्या चांदीवर आरमार उभे राहिले. एक बाई म्हणून आणि एक शिक्षिका म्हणून मी हे वर्गात कधी झाकले नाही. पण याच कारणाने हिशेबाची ती व्यवस्था विसरावी, हे मला पटत नाही.

यातले पुष्कळसे आपल्याला कळले तेही अलीकडेच. अथेन्सच्या राज्यघटनेवरचा, अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरचा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवर तो सापडला आणि १८९१मध्ये लंडनला छापला गेला. पपायरसच्या एका बाजूला इ.स. पहिल्या शतकातल्या एका शेतीवाडीचा जमाखर्च आहे आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर हा ग्रंथ उतरवलेला आहे. त्यात वर्णिलेले सोडतीचे यंत्र कसे असेल, याचा उलगडा १९३०च्या दशकात अगोरातल्या उत्खननात खाचांच्या शिळा मिळाल्यावर झाला. त्यातली एक तिथल्याच संग्रहालयात पाहायला मिळते.

आपल्या देशातही तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या मंदिरात दहाव्या शतकातला चोळकालीन शिलालेख आहे. ताडपत्रावर नावे लिहून ती घड्यात टाकायची, लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढायची आणि गावाच्या समित्या नेमायच्या. आधी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे जवळचे नातेवाईक बाद. कुणी कुणाकडून शिकले असे मला सुचवायचे नाही, दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. पण दोन्हीकडे सोडतीच्या सोबत हिशेब आला, हे अभ्यासण्याजोगे आहे.

माझी विनंती एवढीच, की लेखमालेच्या पुढच्या एखाद्या भागात अर्धे पान या हिशेबतपासणीला द्यावे. खाचांच्या त्या शिळेचे आणि पाण्याच्या घड्याळाचे छायाचित्र छापावे. एरेक्थिऑनच्या मजुरीच्या कोरीव नोंदीतल्या चार ओळी मराठीत द्याव्यात. आठवी-नववीची मुले आपली पुरवणी कात्रणांसाठी वापरतात, निदान त्यांच्या वहीत सॉक्रेटिसच्या विषाच्या पेल्याशेजारी ही शिळाही चिकटवलेली असू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा