सॉलोमन जिंकले, उधारीवर माल देणाऱ्यांचे काय?

संपादक महोदय,

कंपनी कायद्याच्या इतिहासावरील आपल्या लेखात सॉलोमन खटल्याचा गौरव वाचला. कंपनी वेगळी, मालक वेगळा, हे लेखकाने छान उलगडले आहे. पण मुळात भांडण होते बुडालेल्या धंद्यातले उरलेसुरले पैसे कोणी न्यायचे याचे. त्यात रिकाम्या हाताने गेलेल्यांबद्दल लेखात एक ओळही नाही.

लंडनचे बूट व्यावसायिक ॲरन सॉलोमन यांनी १८९२ मध्ये आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. भागधारक सात: ते, पत्नी, मुलगी आणि चार मुलगे. किमतीपोटी त्यांनी शेअरही घेतले आणि कंपनीच्या मालमत्तेचे तारण असलेले १०,००० पौंडांचे कर्जरोखेही. म्हणजे मालक तेच आणि तारणवाले धनकोही तेच! धंदा लवकरच बसला. त्या रोख्यांच्या तारणावर ५,००० पौंड कर्जाऊ देणाऱ्या ब्रॉडेरिप यांची रक्कम फिटल्यावर सुमारे १,०५५ पौंड उरले. तेही सॉलोमन यांनी रोख्यांच्या जोरावर मागितले. विनातारण उधारी मात्र सात हजारांच्या वर होती. खालच्या दोन्ही न्यायालयांनी कंपनीच्या देण्यांसाठी सॉलोमन यांना जबाबदार धरले. नोव्हेंबर १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते फिरवले.

सॉलोमन लबाड नव्हते. ब्रॉडेरिप यांचे पैसे त्यांनी कंपनीतच घातले होते आणि शेवटचे अपील त्यांनी निर्धन म्हणून लढवले. निकालही कायद्याला धरूनच होता. पण तो देणाऱ्यांपैकीच लॉर्ड मॅकनॉटन यांनी त्याच निकालपत्रात सुनावले, की कंपनी बुडाली की कर्जरोखेवाले येऊन सगळे झाडून नेतात, ही मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे. कंपनी बुडण्याआधीच्या ठरावीक काळात दिलेल्या व्यापारी उधारीला अग्रक्रम मिळायला हवा, असेही त्यांचे मत होते.

माझीही उधारी एकदा दिवाळे निघालेल्या गिऱ्हाइकाकडे अडकली होती. बुडालेल्या धंद्याची देणी वाटणाऱ्या लिक्विडेटरच्या यादीत माझे नाव शेवटच्या पानावर होते, पुढे रक्कम बरोबर लिहिलेली. त्यातला एक पैसा हाती आला नाही. म्हणून मॅकनॉटन यांचे म्हणणे मला पुस्तकी वाटत नाही.

१८९७ मध्ये इंग्लंडने कामगारांच्या पगाराला फ्लोटिंग चार्जच्या, म्हणजे सॉलोमन यांच्या रोख्यांसारख्या, कंपनीच्या बदलत्या मालमत्तेवरील तारणाच्या आधी जागा दिली. पुरवठादार तसेच राहिले. विनातारण धनकोंसाठी ठरावीक वाटा बाजूला काढण्याची तरतूद २००२ च्या कायद्याने झाली आणि २००३ मध्ये लागू झाली. तोवर शंभराहून अधिक वर्षे उलटली होती.

लेखमालेच्या पुढच्या भागात मॅकनॉटन यांचा तो परिच्छेद पूर्ण छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक