आउटरला उभी राहिलेली गाडी

आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही केवढे चिडले होते, वर्धेहून येताना गाडी आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, पाऊण तास उभी, पंखे नुसते गरम हवा फेकत होते, आणि मी तिकडून फक्त हो हो करत होते. कारण सांगू? तो ब्लॉक, म्हणजे रुळाच्या कामासाठी गाड्या थांबवतात ती वेळ, आमचाच होता 😅

सांध्यावर, म्हणजे गाडी जिथून एका लाइनवरून दुसरीवर वळते तिथे, एक टोकदार रूळ सरकतो, त्याला टंग रेल म्हणतात. रोज इतकी चाकं घासतात की टोकाच्या खपल्या निघतात. टोकापासूनच्या 1 मीटरमध्ये सगळ्या खपल्यांची लांबी मिळून 200 मिलिमीटरच्या वर गेली की तो रूळ बदलायलाच लागतो, आणि आमच्या कीमॅनने, म्हणजे रोज रूळ तपासत फिरतो त्याने, मोजलं तर गेलीच होती.

दहाएक मीटरचा तुकडा, अर्ध्या टनाच्या वर वजन. चिमटे लावून सगळे ट्रॅकमन एका हाकेत उचलतात, बघण्यासारखं असतं ते. फक्त उन्हात रूळ 60 डिग्रीच्या वर तापतो, चुकून हात लागला की फोडच. जुना काढला, स्लाइड चेअर, म्हणजे ज्या बैठकींवर तो रूळ सरकतो त्या, पुसून ग्रीस लावलं, नवा बसवला, बोल्ट कसले, इथपर्यंत सगळं वेळेत.

मग सिग्नलवाल्याने टेस्ट घेतली. टंग रेल आणि बाजूच्या रुळात 5 मिलिमीटरची पट्टी ठेवायची आणि सांधा सरकवणारी मोटर फिरवायची. पट्टी असताना सांधा लॉक व्हायलाच नको, झाला तर फेल, कारण मग उद्या खरंच फट राहिली तरी सिग्नल मिळेल आणि चाक भलतीकडे घुसेल. आणि आमचा झाला ना लॉक! सगळ्यांचे चेहरे उतरले. परत ॲडजस्टमेंट, परत पट्टी, तिसऱ्यांदा कुठे मोटर नुसतीच फिरत राहिली आणि लॉक काही होईना, तेव्हा जीव भांड्यात पडला. तुमच्या पाऊण तासातला बराचसा वेळ त्या पट्टीपायी गेला बाबा.

आई, दुपट्टा बांधते मी, खिशात कांदाही असतो, काळजी नको करू. पुढच्या वेळी निघायच्या आधी मला विचारा, ब्लॉक नसेल तो दिवस सांगते. आणि कैरीचं लोणचं आणायला विसरू नको.

तुमची,
छोटी