‘निनावी’ सर्वेक्षणात नाव कसे सापडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पगारवाढीच्या हंगामाआधी कंपन्यांतून कर्मचारी मत सर्वेक्षणाचे ईमेल फिरू लागतात. ‘तुमची उत्तरे निनावी राहतील’ असे त्यात लिहिलेले असते, तरी बहुतेक जण पाचपैकी चार गुण देऊन मोकळे होतात. त्यांना भित्रे म्हणण्यात अर्थ नाही. त्यांचा हिशेब बरोबर असतो.

१४० जणांचा कारखाना घ्या. फॉर्ममध्ये विभाग (६), लिंग (२), वयोगट (४) आणि नोकरीचा काळ (४ गट) विचारला की १९२ कप्पे होतात. माणसांपेक्षा कप्पेच जास्त! स्टोअर्समधली, पन्नाशी ओलांडलेली, वीस वर्षे झालेली बाई एकच असते आणि ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असते.

म्हणून पाचपेक्षा कमी जणांच्या गटाचा निकाल दाखवायचा नाही, असा नियम पुष्कळ ठिकाणी पाळतात. तो साध्या वजाबाकीने मोडतो. १२ जणांच्या विभागाची सरासरी ३.५ आणि त्यातल्या ९ पुरुषांची ३.८ अहवालात असेल, तर उरलेल्या तीन स्त्रियांची २.६ निघते (४२ वजा ३४.२, भागिले ३). ज्यांचा निकाल झाकला, त्याच उघड्या पडल्या.

लिंकही तपासावी. सहकाऱ्याच्या आणि आपल्या लिंकची शेवटची अक्षरे वेगळी असतील, तर ती बहुधा व्यक्तीशी जोडलेली असते. ‘आपण अद्याप फॉर्म भरलेला नाही’ ही आठवण फक्त न भरलेल्यांनाच येत असेल, तर कोणी भरला याची नोंद नक्की होते. उत्तरे त्या नोंदीपासून वेगळी ठेवली आहेत का, हे बाहेरून कळत नाही. कच्चा डेटा कंपनीला द्यायचा नाही, असे कलम सर्वेक्षण घेणाऱ्या बाहेरच्या एजन्सीच्या करारात आहे का, हे कर्मचाऱ्यांनी खुशाल विचारावे.

सर्वांत जास्त माणसे सापडतात ती शेवटच्या ‘आणखी काही सांगायचे आहे?’ या चौकटीत. मराठीत लिहिले की निम्मे ऑफिस वगळले जाते. ‘गेल्या मंगळवारच्या मीटिंगमध्ये’ असे लिहिले की उरलेलेही. म्हणून हे अभिप्राय जसेच्या तसे साहेबांच्या हाती देऊ नयेत, विषयवार सारांश द्यावा. विभाग सोडून दुसरे काही विचारू नये. आणि मॅनेजरचा बोनस या गुणांना बांधू नये. बांधला की ‘जरा सांभाळून भरा’ सुरू झालेच.

‘ओव्हरटाइम कमी दाखवायला सांगितले गेले का?’ असा नाजूक प्रश्न असेल तर नाणेफेक वापरता येते. या पद्धतीचे मूळ तत्त्व संशोधक स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडले. प्रत्येकाने एकट्याने नाणे उडवायचे. छापा आला तर सरळ ‘हो’ लिहायचे, काटा आला तर खरे उत्तर. २०० जणांत १३० ‘हो’ आले, तर त्यातले साधारण १०० छाप्याचे. काटा आलेल्या १०० जणांतले ३०, म्हणजे सुमारे ३० टक्के खरे. कोणाचा ‘हो’ खरा, हे मात्र त्याचे त्यालाच माहीत. वीस-पंचवीस जणांच्या गटात ही पद्धत नको, नाण्याच्या लहरीनेच आकडा बिघडतो.

लैंगिक छळाबद्दल मात्र या फॉर्ममध्ये लिहून थांबू नये. २०१३ च्या कायद्यानुसार ती तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. सर्वेक्षणातल्या निनावी ओळीवर समिती चौकशी सुरू करेल, या भरवशावर ही मुदत निघून जाऊ देऊ नये.

— मनुष्यबळ क्षेत्रातील वाचक, पुणे