गणिताचे शिक्षक परदेशी का जातात?

इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित शिक्षकांना तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा मिळवण्याची वाट खुली केली. माझा एक एमएस्सी, बीएड झालेला विद्यार्थी तिकडे रुजू झाला. त्याला दोष कसा द्यावा? इथे शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी द्यायची, मग भरतीच्या सरकारी संकेतस्थळाकडे, पवित्र पोर्टलकडे, डोळे लावून बसायचे. निवड झालीच तर माध्यमिक शाळेत तीन वर्षे शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी मानधनावरचा शिक्षक; मानधन महिना अठरा हजार. तेही २०२३ मध्ये वाढले म्हणून! नववीच्या पोरांना पायथागोरसची सिद्धता फळ्यावर तीन रीतींनी उलगडून दाखवणारा हा गुणी माणूस आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबत होता. शासनाने भरती दरवर्षी वेळेवर करावी आणि शिक्षणसेवक पद्धत बंद करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा